प्रश्न सुतारकामाच्या क्लबचा, घाई मात्र पॉलिसीची

वाचकाचं पत्र (थोडक्यात): मार्चअखेर चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त झालो. वय ६०, पत्नी ५६, गृहिणी. मुलीचं लग्न झालं आहे, घर स्वतःचं, कर्ज नाही. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ६० लाख आले. त्यातले २० लाख साडेसहा टक्क्यांनी एफडीत आहेत. बँकेच्या सांगण्यावरून ३ लाख त्यांच्या 'विम्याच्या एफडी'त घातले, बाकी ३७ लाख बचत खात्यात आहेत. पेन्शन ५,००० रुपये, घरखर्च ३४,०००. आमच्या भागात वुडवर्किंग क्लब आहे. सामायिक वर्कशॉप, सगळी मशिनं, शनिवार-रविवारी वर्ग. आजीवन सभासदत्व १,८०,००० रुपये एकरकमी, नाहीतर दरमहा २,५०० रुपये; त्यात तीन-तीन तासांची आठ सत्रं. आजीवन घेतलं तर ६,००० रुपयांचा प्राथमिक वर्ग मोफत. शिकल्यावर चौरंग, टीपॉय करून विकले तर महिन्याला २०-२५ हजार सुटतील आणि त्यातून विम्याचा पुढचा हप्ताही निघेल. आजीवन घ्यावं का?

उत्तर:

नमस्कार. आजीवन घेऊ नका, महिन्याचं घ्या. त्याचा हिशेब खाली देतोच. पण तुमच्या पत्रातले तीन शब्द वाचून मी थांबलो: 'विम्याचा पुढचा हप्ता'. एफडीला हप्ता नसतो. म्हणून तुमच्याकडून पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला. त्यावर स्पष्ट छापलं आहे: वार्षिक हप्ता ३,००,००० रुपये, हप्ते भरण्याची मुदत १० वर्षं. तुम्ही ३ लाख गुंतवलेले नाहीत. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षापर्यंत दरवर्षी ३ लाख, एकूण ३० लाख भरण्याचा करार केला आहे. तोही पगार बंद झाल्यावर.

पॉलिसीचं पाकीट कुरिअरने येऊन आज वीस दिवस झाले. कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. हा फ्री-लूकचा हक्क कायद्याने दिला आहे, कोणाच्या मर्जीवर नाही. तुमचे दहा दिवस उरलेत. क्लबचा विचार त्यानंतर.

आधी ही पॉलिसी नेमकं काय देते ते बघू. तुम्हाला सांगितलं गेलं, 'खात्रीशीर १८० टक्के'. कागदावर असं आहे: दहा वर्षं ३-३ लाख भरा, मग एक वर्ष थांबा आणि ७१ ते ८० या वयात दरवर्षी ५ लाख ४० हजार घ्या. ३० लाखांचे ५४ लाख झाले, म्हणून १८० टक्के. पण प्रत्येक रुपया सरासरी अकरा वर्षं अडकून राहतो, ते यात कुठे येत नाही. वर्षांचा हिशेब धरला तर परतावा पडतो साधारण साडेपाच टक्के. तुमची साधी एफडी साडेसहा देते. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सध्या ८.२ टक्के देते, सरकारी हमीसह, आणि तिचं व्याज दर तीन महिन्यांनी हातात येतं; त्यासाठी ७१ वर्षांचं व्हावं लागत नाही. करमुक्तीचा मुद्दा पुढे केला जाईल, पण तुमच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर लागतच नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचवण्यासाठी एक ते पावणेतीन टक्के कमी परतावा का घ्यायचा?

साठीच्या माणसाला ही योजना 'एफडीसारखी' म्हणून विकणं ही निव्वळ फसवणूक आहे, आणि ती दर आठवड्याच्या पत्रांत दिसते. कारणही तेच असतं. बचत खात्यात अचानक ६० लाख जमा झाले की शाखेतल्या माणसाच्या पडद्यावर ते लगेच दिसतात आणि पंधरा दिवसांत 'सर, चहाला या' असा फोन येतो.

आता घरचा महिन्याचा हिशेब. आज तुमच्याकडे येतात पेन्शनचे ५,०००, एफडीचे सुमारे १०,८०० आणि बचत खात्यावर अडीच टक्क्यांनी ७,७००. झाले साडेतेवीस हजार. जातात ३४,००० घरखर्चाचे आणि हप्त्यापोटी महिन्याला २५,०००, म्हणजे ५९,०००. तूट साडेपस्तीस हजारांची. चौरंग विकून २०-२५ हजार मिळवण्याचा विचार आला तो या तुटीतून. हौस म्हणून शिकायच्या कामावर तुम्ही पॉलिसीचा हप्ता टाकला आहे, आणि तो भार त्या कामाला पेलणार नाही.

तो का पेलणार नाही, हे एका चौरंगावर मोजून पाहू. दीड फूट बाय दीड फूट, वर एक इंची फळी, चार पाय २ बाय २ इंचाचे आणि १० इंच उंच, खाली चार पट्ट्या १६ इंच लांब, अडीच इंच रुंद, एक इंच जाड. लाकूड भरतं ६४४ घनइंच, म्हणजे ०.३७ घनफूट. पण वखारीतली एक इंची फळी दोन्ही बाजूंनी रंधा मारून सपाट केली की पाऊण इंच उरते, टोकाच्या भेगा आणि गाठी कापाव्या लागतात. तीस टक्के वाया धरा. अर्धा घनफूट घ्यावा लागतो. बऱ्या सागवानाचा भाव ४,००० रुपये घनफूट धरला तर २,००० लाकडाचे, ४०० गोंद, पॉलिश पेपर आणि पॉलिशचे. गिऱ्हाइकाने ४,००० दिले तर तुमच्या हातात १,६०० राहतात. शिकाऊ हाताला आखणी, सांधे, घासाई आणि पॉलिशचे तीन हात धरून पंधरा तास लागतात. तासाला शंभर रुपयांच्या आसपास पडले.

महिन्याला २० हजार हवे तर बारा-तेरा चौरंग, म्हणजे १९० तास. क्लब देतो आठ सत्रं, २४ तास. त्यात दीड चौरंग होतो. तोही गणपतीच्या आधी विकला जाईल, एरवी पडून राहील. दीड चौरंगाचे २,४०० रुपये सुटतात आणि क्लबची फी २,५०० आहे. शिवाय क्लबचे नियम वाचा. सामायिक वर्कशॉपमध्ये विक्रीसाठी माल करायला बऱ्याचदा मनाई असते, कारण एकाने मशिन अडवलं की बाकीचे ताटकळत बसतात.

नवशिक्याच्या हातून विकलेला माल परत येण्याचं एक कारण आधीच सांगतो, कारण त्यात पैसे जातात. वखारीतून जुलैत आणलेलं लाकूड ओलं असतं. त्याचा चौरंग करून वरची फळी पट्ट्यांना गोंद आणि खिळ्यांनी गच्च बसवली की मार्च-एप्रिलमध्ये फळी आडवी आकसते, पट्ट्या तिला हलू देत नाहीत आणि मधोमध भेग पडते. गिऱ्हाईक चौरंग परत आणतं आणि २,४०० रुपयांचा माल तुमच्या अंगावर पडतो. हजार-दीड हजाराचं ओलावा मोजायचं मीटर घ्या, १० ते १२ टक्क्यांवर आल्याशिवाय लाकूड कापू नका, आणि फळी खालून लांबट भोकांतून स्क्रूने बसवा, म्हणजे तिला सरकायला जागा राहते. चांगला शिक्षक पहिल्या महिन्यातच हे शिकवतो. शिकवत नसेल तर त्या क्लबात इतर काय शिकवतात याचीही शंका घ्या.

आता पॉलिसी परत करण्याचं. बँकेत जाऊ नका. बँक फक्त विकणारी आहे, करार विमा कंपनीशी आहे. कंपनीच्या चिंचवड किंवा पुण्यातल्या शाखेत उद्याच जा. साध्या कागदावर अर्ज लिहा: पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, 'एकरकमी ठेव म्हणून सांगण्यात आलं, प्रत्यक्षात दहा वर्षांचे हप्ते आहेत, म्हणून फ्री-लूक मुदतीत पॉलिसी रद्द करावी.' सोबत मूळ पॉलिसी, रद्द केलेला चेक आणि ओळखपत्राची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. कुरिअरचं पाकीट जपून ठेवा, त्यावरची तारीख हाच तुमचा पुरावा. त्याच दिवशी हाच मजकूर कंपनीला ई-मेलनेही पाठवा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि या दिवसांच्या विमा संरक्षणाचे थोडे पैसे कापून बाकी रक्कम परत येते.

फोन येतील. 'सर, एक वर्ष भरून बघा, नाही आवडलं तर सरेंडर करा', म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडा, असं सांगतील. ऑक्टोबर २०२४पासून एक वर्षाचा हप्ता भरलेल्या पॉलिसीलाही वर्ष पूर्ण झाल्यावर काही सरेंडर मूल्य द्यावं लागतं हे खरं, पण ते भरलेल्या रकमेपेक्षा बरंच कमी असतं. दुसरं म्हणजे, कंपनीकडून पडताळणीचा फोन आला तेव्हा 'सगळ्याला हो म्हणा' असं तुम्हाला बँकेतून सांगितलं होतं आणि तुम्ही तसं म्हणालात. मुदत उलटून गेली की तुमच्या तक्रारीसमोर तेच रेकॉर्डिंग ठेवतील. तसं झालं तरी मार्ग आहे: आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे, फी नाही, वकील लागत नाही. पण तिथे महिने जातात. आज तुमचं काम एका अर्जावर भागतंय.

तीन लाख परत आले की बचत खात्यात ४० लाख होतील. त्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला, पोस्टात किंवा बँकेत. एका व्यक्तीला मर्यादा तीसचीच आहे. खातं पत्नीबरोबर संयुक्त काढा. पैसे भरताना असलेला व्याजदर पाच वर्षं कायम राहतो. दर तिमाहीला ६१,५०० रुपये, महिन्याला २०,५०० पडतात. ९ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, सध्या ७.४ टक्क्यांनी महिन्याला साडेपाच हजार. एफडी आहे तशी राहू द्या. त्यातले सहा लाख अडीनडीचे समजा. वर्षाच्या सुरुवातीला टीडीएस कापू नये म्हणून घोषणापत्र भरायला विसरू नका. ही सगळी बेरीज पेन्शन धरून महिन्याला पावणेबेचाळीस हजारांच्या आसपास येते. घरखर्च भागून सात-पावणेआठ हजार उरतात.

त्यातून पहिला खर्च मेडिक्लेमचा. कारखान्याचा आरोग्य विमा निवृत्तीबरोबर संपला, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. दोघांचा मिळून महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास पडेल असं धरून चला. आधीचे आजार लपवू नका. त्यांच्यासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, पण लपवलं तर दावाच नाकारला जातो. एफडीची मुदत संपल्यावर आठ-नऊ लाख इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर निर्देशांकातल्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात, हळूहळू न्यायचे. सहा टक्के महागाईने आजचे ३४,००० दहा वर्षांनी ६१,००० होतात आणि ठेवींचं व्याज तर वाढत नाही.

मेडिक्लेम जाऊन उरतात तीन-सव्वातीन हजार. क्लबची फी त्यात बसते, काठोकाठ. पॉलिसी ठेवली तर बसत नाही.

आता आजीवनचा हिशेब. मोफत वर्गाचे ६,००० वजा करून १,७४,०००. भागिले २,५००, म्हणजे सत्तर महिने, पावणेसहा वर्षं असं वाटतं. पण हेच पैसे ८.२ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला जवळजवळ बाराशे रुपये देतात, निम्मी फी तिथूनच निघते. व्याज धरलं तर बरोबरी व्हायला आठ वर्षं लागतात. तोवर तुम्ही अडुसष्ट वर्षांचे असाल. शेड भाड्याची आहे का, करार किती वर्षांचा, हे विचारा. क्लब बंद पडला तर सभासदाच्या हातात पावतीच राहते. फी वाढण्याची भीती असेल तर वर्षाची फी आगाऊ भरून काही सूट मिळते का ते बघा, त्यापुढे जाऊ नका. घरी मशिनं घ्यायचा विचार मनात असेल तर तो वर्षभर बाजूला ठेवा. सोसायटीत टेबल सॉचा, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीचा, आवाज आणि भुसा कोणी सहन करणार नाही.

फी भरण्याआधी एक सत्र नुसतं उभं राहून बघा. टेबल सॉच्या पात्यामागे रिव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेली फट उघडी ठेवणारी पट्टी आहे की काढून ठेवली आहे? ती नसेल तर लाकूड पात्यावर चिमटतं आणि उसळून पोटात बसतं. भुसा ओढणारं यंत्र चालू असतं का? लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे, म्हणून नाकाला एन-९५ मास्क लावाच. एका शिक्षकामागे मशिनवर चारपेक्षा जास्त शिकाऊ नकोत. आठ सत्रांत मशिनचं जादा भाडं, पात्यांची धार, गोंद यांचे पैसे वेगळे लागतात का, हे लेखी घ्या.

स्वतःची हत्यारं मात्र घ्या: एक रंधा, पाव ते एक इंचाच्या चार पटाश्या, बारीक दातांची करवत, गुण्या, धारेचा दगड. आठ-दहा हजारांत येतात. सामायिक पटाशीला कधीच धार नसते, आणि बोथट पटाशीला जोर लावला की ती सटकून दुसऱ्या हातात घुसते. पहिली वस्तू चौरंग नको, पाट करा. आखणी, सरळ कापणं आणि रंधा या तीनच गोष्टी त्यात येतात, लाकूडही पाव घनफुटाच्या आत लागतं. पहिल्या सत्राला अंगठी आणि घड्याळ घरी ठेवा, बाह्या कोपरावर दुमडा, आणि फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नका. हातमोजा पात्यात अडकला तर हात त्याबरोबर ओढला जातो.