ब्राह्मी दिली तर आईची आठवण परत येईल का?

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचे घरचे समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हा प्रश्न येतोच. कुणी ब्राह्मीचं विचारतं, कुणी अश्वगंधेचं, कुणी हळदीच्या कॅप्सूलचं. हल्ली मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओही माझ्यासमोर धरला जातो.

हा प्रश्न मी कधीच उडवून लावत नाही. अल्झायमरवर, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारावर, आज डॉक्टर जी औषधं देतात त्यातलं गॅलँटामाइन मुळात स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कंदातून मिळालं. १९५०च्या दशकात सोव्हिएत आणि बल्गेरियन संशोधकांनी त्यावर काम केलं आणि २००१ मध्ये अमेरिकेत ते अल्झायमरसाठी मंजूर झालं. रिव्हास्टिग्मिनची रचनाही पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषारी बीमधल्या द्रव्यावरून सुचलेली. तेव्हा वनस्पतीत औषध असतं, यात शंका नाही. पण ही औषधंसुद्धा आजार थांबवत नाहीत. मेंदूतलं ॲसिटिलकोलिन हे रसायन लवकर मोडू देत नाहीत, त्यामुळे काहींची आठवण, लक्ष, रोजची कामं थोडा काळ बरी टिकतात. एवढंच.

या प्रश्नामागे काय दडलेलं असतं, ते एका कुटुंबानं मला फार स्पष्ट दाखवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. थोरल्या मुलाला घरात सगळे दादा म्हणतात, मीही तेच म्हणते. आई प्राथमिक शाळेच्या निवृत्त शिक्षिका. अल्झायमरचं निदान होऊन दोन वर्षं झालेली. दादांना बायकोनं आग्रहानं आणलं होतं, कारण आईनं काढा थुंकला म्हणून त्यांनी वाटी भिरकावली होती.

"दिवसभरात आईंना काय काय देता?"

"सकाळी ब्राह्मीचा रस. नाश्त्यानंतर दुधातून अश्वगंधा. बहिणीनं न्यू जर्सीहून गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या पाठवल्यात, त्या दुपारी. रात्री हळद, तूप आणि मिरी."

"आणि डॉक्टरांची औषधं?"

"ती चालूच आहेत. ठोके अनियमित आहेत म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि आठवणीची एक. पण फरक काय पडतोय?"

आधी मी त्यांना सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. औषध ठरवणं माझं काम नाही, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर गिंको घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, इतकं मला ठाऊक होतं. आईंच्या हातावर निळे डाग होतेच. डॉक्टरांनी गिंको त्याच दिवशी बंद केलं.

पुढच्या भेटीत दादांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मला ठाऊक होतं ते मी त्यांना सरळ सांगितलं. गिंकोची अमेरिकेत मोठी चाचणी झाली, पंचाहत्तरीपुढच्या बहुतांश निरोगी ३,०६९ जणांवर, सुमारे सहा वर्षं. निकाल २००८ मध्ये आला: स्मृतिभ्रंश टळला नाही. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत छान दिसतं, पण पोटातून रक्तात फार कमी उतरतं आणि अल्झायमरच्या रुग्णांवरच्या छोट्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. ब्राह्मीच्या अर्कानं निरोगी ज्येष्ठांची शब्द आठवण्याची क्षमता थोडी सुधारल्याचं छोट्या चाचण्यांत दिसलंय. निरोगी माणसाची आठवण थोडी सुधारणं वेगळं आणि अल्झायमरमध्ये झिजलेला मेंदू सावरणं वेगळं. शिवाय बाजारात ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी ही वेगळी वनस्पतीही मिळते, त्यामुळे बाटलीत काय आहे हेही तपासावं लागतं.

"म्हणजे उपयोग नाही, असंच ना?"

"आईंचा आजार उलटवेल असा पुरावा नाही, असं."

ते गप्प झाले. मग मी विचारलं, "दादा, काहीही न पाजता, न भरवता, आईजवळ नुसतं शेवटचं कधी बसलात?"

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग म्हणाले, "मी खोलीत गेलो की ती तोंड घट्ट मिटते, मॅडम. ही गेली की हसते."

त्या वाक्यापाशी मी थांबले. अल्झायमरमध्ये नावं, तारखा, नाती पुसट होतात, पण प्रसंग विसरला तरी त्या वेळची भावना मागे रेंगाळते. आईंना हा आपला मुलगा आहे हे दर वेळी उमगत नव्हतं. हा माणूस आला की कडू काहीतरी येतं आणि पाठोपाठ ओरडणं येतं, हे मात्र त्यांच्यात मुरलं होतं. मी हे सांगितलं तेव्हा दादा रडले. मी त्यांना रडू दिलं.

मग खरी गोष्ट बाहेर आली. "काढा बंद केला तर मी आईला सोडून दिलं असं होईल. बाबांच्या वेळी मी परगावी होतो, काहीच करता आलं नाही."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते. माणसाला परिस्थितीइतकीच, कधी तिच्याहून जास्त, त्याची त्या परिस्थितीबद्दलची समजूत छळते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. दादांची समजूत अशी होती, की आई बरी झाली तरच मी चांगला मुलगा. आम्ही तीच तपासली. आईंना आज सांगता आलं असतं तर त्यांनी मुलाकडे काय मागितलं असतं? दादा लगेच म्हणाले, "गप्पा. वर्गातल्या एकेका पोराची गोष्ट ती मला सांगायची."

इतकं सोपं उत्तर त्यांचं त्यांनाच सापडलं, याचं मला आजही समाधान वाटतं. रोज संध्याकाळी शाळेचे जुने फोटो घेऊन बसायचं ठरलं. त्या वेळात औषध नाही, परीक्षा नाही, "मी कोण ओळख बघू" नाही. दादांनी विचारलं, "डोक्याला ब्राह्मीचं तेल लावलं तर?" मी म्हटलं, जरूर लावा, त्यांना आवडत असेल तर. काही आठवड्यांनी आई दादांच्या हातून जेवू लागल्या. आठवण परतली नाही. घरातली आरडाओरड थांबली.

ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे, त्यांना काही गोष्टी आवर्जून सांगते. विसरणं दिसलं की आधी तपासणी करा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार असतात. काढ्यात महिने घालवले तर ही संधी हुकते. आयुर्वेदावर विश्वास असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडे जा आणि डॉक्टर व वैद्य दोघांनाही सगळ्या औषधांची यादी द्या. आठवणीच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते, ब्राह्मी त्यात भर घालू शकते. अश्वगंधेनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसं, पारा किंवा अर्सेनिक सापडलं. काही सुरू करायचंच असेल तर किती दिवस आणि कशावरून उपयोग ठरवायचा, हे आधी ठरवा. आणि रुग्णानं तोंड मिटलं तर जबरदस्ती करू नका. घास किंवा घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो.

दादांनी शेवटच्या भेटीत स्वतःबद्दल विचारलं, "मी आत्तापासून ब्राह्मी घेऊ का?" मी त्यांना आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि कान तपासायला सांगितलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ मध्ये मांडलं, की बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा असे १४ घटक हाताळले तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. दादांचा रक्तदाब वाढलेला निघाला. त्यावर औषध सुरू झालंय.