रबरी आमिषाने काठावरची मासेमारी : वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतर तापी-गिरणेचं पाणी निवळायला लागतं आणि गळवाल्यांचे हात शिवशिवायला लागतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. आयुष्यभर गांडूळ आणि कणकेच्या गोळीवर मासे धरले, आता रॉड-रीळ आणि रबरी आमिषांची पाकिटं आणली, पण काठावर उभं राहून हात दुखेपर्यंत फेकलं तरी काही लागत नाही. त्यातले निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न (जळगाव) : वाघूर धरणावर बऱ्याचदा जाऊन आलो. जिगहेडवर, म्हणजे डोक्याला शिसं ओतलेल्या हुकवर, तीन इंची, चपट्या शेपटीचा रबरी मासा लावतो. लांब फेकतो आणि एकसारखं रीळ फिरवत आणतो. एकदाही झटका बसला नाही. आमिष बदलू का?

उत्तर : आमिष राहू द्या, आणण्याची पद्धत बदला. एकसारखं रीळ फिरवलं की हलकं जिगहेड वर उचललं जातं आणि तुमचा रबरी मासा खालच्या शिकाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातो. रबरी आमिषाचं खरं काम ते खाली पडत असताना होतं. जखमी किंवा दमलेला छोटा मासा धड पोहत नाही, थोडा वर येतो आणि पुन्हा बुडतो. मरळ असो की शिवडा, त्याची नजर अशा बुडणाऱ्या घासावर असते.

पुढच्या वेळी असं करून बघा. आमिष पाण्याला टेकलं की रिळाची कडी (दोर मोकळा सोडायला उघडतो ती तारेची कमान) हाताने पाडा, दोर जेमतेम ताणात ठेवा आणि मनात आकडे मोजा. ताणलेला दोर अचानक ढिला पडून पाण्यावर वाकडा झाला, म्हणजे तळ लागला. समजा आठ मोजल्यावर लागला. दोन पावलं सरकून पुन्हा फेका. आता बारा आले तर तिथे खड्डा किंवा जुना नाला आहे, पाचच आले तर उंचवटा आहे. अर्ध्या तासात समोरच्या पाण्याचा नकाशा डोक्यात तयार होतो, त्यासाठी कुठलं यंत्र लागत नाही. उथळ पाणी संपून खोल सुरू होतं, ती कड सगळ्यात आधी धुंडाळा.

तळ लागला की रॉडचं टोक सावकाश वर उचला, हातभर पुरे. मग टोक खाली आणता आणता ढिला दोर रिळात भरा आणि आमिषाला परत तळापर्यंत पडू द्या. उचला, पडू द्या, थांबा. थांबणं सगळ्यात अवघड जातं, कारण हात स्वस्थ बसत नाही. पण थंडीत पाणी गार झालं की मासा सुस्तावतो, तेव्हा तर दोन-तीन श्वास नुसतं तळावर पडू द्यावं लागतं.

झटका हाताला जाणवेल म्हणून वाट बघू नका, डोळे दोरावर ठेवा. पिवळाधमक ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेला, दोर यासाठीच घ्यायचा. आठ मोजल्यावर तळ लागत होता आणि या खेपेला पाचलाच दोर ढिला पडला, तर आमिष मधेच कोणीतरी तोंडात घेतलं आहे. दोर बाजूला सरकला, एक बारीक उडी मारली, तरी तेच. ढील भरा आणि ठोका, म्हणजे रॉड झटक्याने बाजूला ओढून हुक रुतवा. मासा रबर फार वेळ तोंडात ठेवत नाही, त्यामुळे इथे विचार करत बसायचं नाही.

वजनाचंही सांगतो. दीड-दोन मीटर पाण्याला 3 ते 5 ग्रॅमचं जिगहेड पुरतं. वारा असेल किंवा पाणी खोल असेल तर 7 ग्रॅम. लांब जावं म्हणून नवे लोक जड शिसं लावतात आणि आमिष दगडासारखं धाडकन तळाला जातं. खरं तर पहाटे मासा पुष्कळदा तुमच्या पायापासून दहा-पंधरा फुटांवरच असतो. समोर फेकण्याऐवजी काठाला समांतर फेका.

प्रश्न (भुसावळ) : हतनूरच्या फुगवट्यात बुडालेली बाभळं फार आहेत. दर दोन-तीन फेकींत जिगहेड अडकतं आणि तुटतं. एका सकाळी अख्खं पाकीट संपलं.

उत्तर : बाभळीपासून लांब जाऊ नका, मासा तिथेच आहे. तुमच्या जिगहेडचं टोक उघडं असतं म्हणून ते फांदीत रुततं. त्याऐवजी टेक्सास रिग बांधा. दोरात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं, आरपार भोक असलेलं शिसं ओवा, 5 ते 7 ग्रॅमचं, निमुळतं टोक दोराच्या बाजूला ठेवून. त्याखाली मानेला दोन वाकणं असलेला ऑफसेट हुक बांधा. तीन इंची आमिषाला 1/0, चार इंचीला 3/0 मापाचा.

आता आमिष चढवणं. हुकचं टोक रबराच्या नाकात मधोमध घाला, अर्धा सेंटिमीटर आत जाऊन खालच्या बाजूने बाहेर काढा आणि नाक मानेच्या वाकणापर्यंत सरकवून घ्या. हुक अर्धा वळवा म्हणजे टोक अंगाकडे येईल. मग घाई न करता आमिष हुकच्या शेजारी सरळ लोंबू द्या आणि हुकचा बाक अंगावर कुठे येतो ते बघून तिथे नखाने खूण करा. त्याच खुणेवर टोक पोटातून पाठीपर्यंत सरळ आरपार काढा आणि शेवटी पाठीच्या कातडीत निसटतं खुपसून ठेवा. आमिष हातात धरल्यावर तीरासारखं सरळ दिसलं पाहिजे. मधे कुबड आलं तर ते पाण्यात गरगर फिरतं, दोराला पीळ पडतो आणि मासा तोंड लावत नाही. दोन मिनिटं लागली तरी उपसून पुन्हा लावा.

टोक झाकलेलं असल्यामुळे ही जुळणी फांदीवरून घसरत येते. अडकलीच तर रॉड वर करून खेचू नका, त्याने हुक आणखी रुततो. दोर हलका ताणा, रॉडपासचा दोर दोन बोटांनी धनुष्याच्या दोरीसारखा ओढून सोडा. कित्येकदा एवढ्यावर सुटतं. नाहीच सुटलं तर रॉड सरळ अडकल्या जागेच्या दिशेने धरा आणि दोर काठीला गुंडाळून मागे सरका. ब्रेडेड दोर नुसत्या हाताला कधी गुंडाळू नये, बोट कापतं. त्याच्या पुढे कमी ताकदीच्या साध्या तंगूसचा वीतभर तुकडा, म्हणजे लीडर, जोडलेला असेल तर तो लीडरपाशी तुटतो आणि वीस मीटर दोर बाभळीला लटकून राहत नाही. त्या दोरात बगळे-पाणकावळे अडकून मरतात आणि हतनूरला हिवाळ्यात केवढे पक्षी उतरतात हे तुम्हाला सांगायला नको.

आणखी एक काम एप्रिल-मेसाठी ठेवा. पाणी ओसरून धरणाचं अंग उघडं पडतं, तेव्हा रॉड न घेता काठाने हिंडा. कुठे खोडं आहेत, कुठे जुना बांध, विहिरीचं कडं, गाडवाट आहे, सगळं दिसतं. फोटो काढून ठेवा. ऑक्टोबरात त्याच जागा पाण्याखाली असतात आणि मासे तिथेच दबा धरून बसतात.

प्रश्न (शहादा) : रबरी माशाला रोहू-कटला लागतो का?

उत्तर : त्या भरवशावर जाऊ नका. कटला वरच्या थरातलं बारीक प्लवंग गाळून खातो, रोहू मधल्या थरात शेवाळ-वनस्पतींवर जगतो, मृगळ तळचा गाळ चाळतो. त्यांच्यासाठी तुमची कणीक आणि पेंडच बरी. रबरी आमिष शिकाऱ्यांसाठी असतं : मरळ, शिवडा, संध्याकाळी तळाशी फिरणारा शिंगाळा. चिलापीचा नर घरट्यावर बसलेला असला की इंच-दीड इंचाच्या आमिषावरही चवताळून येतो. नवशिक्याला हात बसवायला चिलापी फार चांगली, आधी तीच धरून बघा.

प्रश्न (धुळे) : कुठला रॉड आणि रीळ घ्यावं? दुकानदार महागाचं दाखवतो.

उत्तर : सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, 2500 किंवा 3000 मापाचं रीळ, 15 ते 20 पौंडी ब्रेडेड दोर. सुरुवातीला एवढं भरपूर झालं. पैसे वाचवायचे तर रॉडवर वाचवा, दोरावर वाचवू नका. रबरी बेडूक घेऊन गवतातल्या मरळीच्या मागे जायचं असेल तेव्हा मात्र जाड रॉड आणि 40 पौंडी दोर लागतो, कारण मरळ लागली की थेट गवतात शिरते आणि तिला तिथून ओढून काढावं लागतं.

प्रश्न (चोपडा) : तापी गढूळ असताना कुठला रंग?

उत्तर : काळा किंवा गडद जांभळा. गढुळात गडद सावली उठून दिसते. त्यातही रुंद शेपटीचं आमिष घ्या, त्याच्या थरथरीवरून मासा शोधत येतो. निवळ पाण्यात पांढरा, धुरकट, पारदर्शक. पेटीत एवढे असले की रंगाची चिंता सोडा, कुठे आणि किती हळू हे जास्त महत्त्वाचं.

प्रश्न (अमळनेर) : पावसाळ्यात मरळीच्या लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर खदखदताना दिसतो. त्यात बेडूक फेकला की मरळ हमखास येते असं मित्र सांगतात. खरं आहे?

उत्तर : खरं आहे, आणि तरीही करू नका. ती भूक लागली म्हणून येत नाही, पिल्लांवर आलेलं संकट हाकलायला येते. नर-मादी आठवडेच्या आठवडे त्या घोळक्याखाली राखण करत असतात. त्यांना उचललं की बाकीच्या माशांना तो घोळका संपवायला एक दिवस पुरतो. एका मरळीसाठी पुढच्या दोन-तीन वर्षांच्या मरळी आपण घालवतो. घोळका दिसला तर तिथून सरका.

मरळीला मधूनमधून हवा घ्यायला वर यावंच लागतं. पिल्लं नसलेल्या जागी शांत उभे राहा, गवताच्या कडेला 'पुळुक' आवाज येऊन बुडबुडे दिसतील. बेडूक त्याच्या पलीकडे चार-पाच फूट टाका आणि थांबत थांबत त्या जागेवरून आणा. पाणी उसळलं की लगेच ठोकू नका, दोराला वजन लागू द्या, मग जोरात. तिचं तोंड हाडासारखं कडक असतं.

प्रश्न (नवापूर) : गाडीत ठेवलेली आमिषं एकमेकांत वितळून गोळा झाली. माल बनावट होता का?

उत्तर : तसंच असेल असं नाही. वेगवेगळ्या जातीच्या प्लास्टिकची आमिषं एकाच खणात ठेवली तर ती एकमेकांना विरघळवतात, आणि आपल्याकडच्या उन्हात बंद गाडी म्हणजे भट्टीच. ज्याचं त्याच्या मूळ पाकिटात ठेवा, गाडीत सोडू नका. नुसती शेपटी वाकली असेल तर गरम पाण्यात काही सेकंद बुडवून सरळ करा आणि गार पाण्यात टाका. फाटकी आमिषं घरी आणा. पाण्यात टाकलेलं रबर मासा गिळतो आणि ते त्याला पचत नाही.

प्रश्न (शिरपूर) : अनेर धरणावर गेलं तर चालेल का? परवानगी कोणाची घ्यायची?

उत्तर : अनेर डॅम हे वन्यजीव अभयारण्य आहे, तिथे गळ टाकायचा नाही. यावल अभयारण्याच्या हद्दीतही नाही. इतर धरणांवर मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मत्स्य सहकारी संस्थेकडे असतो. बीज त्यांनी सोडलेलं असतं, त्यांची चूल त्यावर चालते. आधी त्यांना भेटा, ते मागतील ती फी द्या, जाळ्यांपासून लांब उभे राहा. भोई मंडळींना पाणी जेवढं कळतं तेवढं तुम्हा-आम्हाला कळणार नाही, दोन गोष्टी विचारून घ्या.

प्रश्न (नंदुरबार) : अकरा वर्षांच्या मुलीला शिकवायचं आहे. प्रकाशा बॅरेजच्या खाली नेऊ का?

उत्तर : बॅरेजच्या खाली नको. दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढतं, भोंगा ऐकून पळायलाही खडकांवरून वेळ लागतो. लहान मुलांना गावतळं किंवा शेततळ्याचा उतरता, टणक काठ बरा. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं मात्र टाळा, त्यावरून घसरलं की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही.

काठाची माती आधी स्वतः तपासा. पाणी ओसरल्यावर काळ्या गाळाला वरून भेगा पडतात, सुकल्यासारखा दिसतो आणि पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत जातो. हातात काठी ठेवा, टोचून बघूनच पुढचं पाऊल टाका. आभाळात गडगडलं की रॉड खाली ठेवून काठ सोडायचा. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.

मुलीला चष्मा आणि टोपी घाला, हुकची उलटी काटी पकडीने दाबून सपाट करा म्हणजे बोटात रुतला तरी सहज निघतो. पहिल्या दिवशी हुकच लावू नका. दोराला नुसतं शिसं बांधा, मैदानात एक घमेलं ठेवा आणि त्यात पाडायला सांगा. फेकण्यापूर्वी मागे वळून बघायची सवय तेव्हाच लावा. घमेल्याच्या आसपास शिसं पडायला लागलं की चिलापीच्या तळ्यावर न्या, 2 ग्रॅमचं जिगहेड आणि इंचभर आमिष द्या. मासा लागला की रॉड तिच्याच हातात राहू द्या, सुटला तरी.