८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर समुद्राचं सिम्युलेशन चालेल का?

प्रश्न असा, की घरच्या एनव्हिडिया कार्डावर समुद्राच्या प्रवाहांचं सिम्युलेशन करायचं तर मोफत काय वापरावं. माझं उत्तर: ओशनॅनिगन्स हे सॉफ्टवेअर. ज्युलिया भाषेत लिहिलेलं, पूर्ण मुक्तस्रोत. एमआयटीजीसीएमसारखी जुनी समुद्र-मॉडेल्स फोरट्रान या जुन्या भाषेतली, सीपीयू (संगणकाचा मुख्य प्रोसेसर) डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. ओशनॅनिगन्स मात्र सुरुवातीपासूनच जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या प्रोसेसरचा, विचार करून लिहिलंय. ग्रिड (समुद्राचे छोट्या पेट्यांत पाडलेले भाग) बनवताना ‘सीपीयू’च्या जागी ‘जीपीयू’ लिहायचं, बाकीची स्क्रिप्ट बहुतेक वेळा तशीच चालते.

खरी अडचण वेगाची नाही, मेमरीची येते. हिशोब बघा: २५६×२५६×२५६ म्हणजे सुमारे १.६८ कोटी पेट्या. डबल प्रिसिजनमध्ये (प्रत्येक आकड्याला ८ बाइट) एका राशीला साधारण १३४ एमबी लागतात. राशी म्हणजे पाण्याच्या वेगाचे तीन घटक, तापमान, क्षारता, दाब, शिवाय प्रत्येकाचे बदलाचे दर. वीसेक राशी धरल्या तर पावणेतीन जीबी. म्हणजे ८ जीबीत आरामात बसतं. ५१२ च्या घनाला याच्या आठपट, तिथे कार्ड हात टेकतं. शिवाय पेट्या निम्म्या आकाराच्या केल्या की टाइमस्टेपही (दोन हिशोबांमधलं वेळेचं अंतर) निम्मा करावा लागतो, म्हणून काम सोळापट.

गेमिंग कार्डं डबल प्रिसिजनला फार मंद असतात, तेव्हा ग्रिड ‘फ्लोट३२’मध्येच (प्रत्येक आकड्याला ४ बाइट) बनवा. आणि पहिल्यांदा चालवल्यावर स्क्रीन बराच वेळ ढिम्म राहील. ते हँग नाही, ज्युलिया कंपाइल करतेय, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतेय. (मी दोनदा कंट्रोल-सी दाबून बसलो होतो.)

पायथॉनच हवी असेल तर वेरोस हे समुद्र-मॉडेल बघा, तेही जॅक्स या पायथॉन लायब्ररीच्या मदतीने जीपीयूवर चालतं.