ऑटिझम जन्माआधीच टाळता आला, तर ऑटिस्टिक माणसांना ते चालेल का?

तुम्ही विचारलंय ते दोन भागांत आहे. पहिल्या मुलाला ऑटिझम आहे, घरात पुन्हा दिवस गेलेत, तर या वेळी आधीच काही करता येईल का, हा एक भाग. आणि अशा प्रयत्नांबद्दल स्वतः ऑटिस्टिक असलेल्यांना काय वाटतं, हा दुसरा. मी डॉक्टर नव्हे. कोल्हापुरात शाहूपुरीला गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. एकतिसाव्या वर्षी निदान झालं, तोवर नातेवाइकांत मी नुसती 'शिष्ट' होते. शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली-तोलाईचा आकडा एका रुपयानं चुकला तरी मला तो लांबून दिसतो, पण सौद्याचा गलका सुरू झाला की कानात कापूस घालून आतल्या खोलीत जाते.

पहिला भाग झटकन उरकते. सोनोग्राफीत किंवा रक्ताच्या तपासणीत ऑटिझम कळत नाही. त्यात शेकडो जनुकांचा हात आहे. फ्रॅजाइल एक्ससारखे एकाच जनुकाचे काही आजार तेवढे तपासता येतात, त्यामुळे थोरल्याची जनुकीय तपासणी झाली नसेल तर त्यातल्या तज्ज्ञांना एकदा भेटा. थोरल्याला ऑटिझम असला तर धाकट्याला असण्याची शक्यता साधारण पाचात एक धरतात. वहिनींना फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर आजच डॉक्टरांना सांगा, कारण त्या औषधाचा धोका खरा आहे. पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतल्यानं ऑटिझम होतो, यावरून 2025 मध्ये अमेरिकेत बरीच आरडाओरड झाली. त्याच्या आधीच, 2024 मध्ये, स्वीडनमध्ये सुमारे 25 लाख मुलांचा अभ्यास झाला होता. त्यात भावंडांची एकमेकांशी तुलना केल्यावर संबंध उरलाच नाही. बाकी 'गर्भसंस्कारानं ऑटिझम टळतो' म्हणून कोणी पॅकेज गळ्यात मारत असेल, तर त्या पैशात वहिनींना महिनाभर चांगली फळं येतील.

आता दुसरा भाग.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भावजयीला तिसरा महिना होता. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, राग मानू नका हं. पण आमच्या बाळाला तुमच्यासारखं... म्हणजे डॉक्टरांना विचारून घेऊ का, आधी कळतंय का ते?"

मी विचारलं, "माझ्यासारखं म्हणजे काय गं?"

तिनं बराच विचार केला. "म्हणजे लग्नात हॉलच्या बाहेर बसायला लागतंय, तसं."

"मग बाहेर एक खुर्ची टाकली की झालं की."

ती हसली, मीही हसले. त्या रात्री मात्र झोप लागली नाही. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, हेही मला कळत होतं. पण जो माणूस समोर मेथी निवडतोय, त्याच्यासारखं दुसरं होऊ नये म्हणून काय करावं, हे त्यालाच विचारलं तर त्यानं कुठं बघायचं?

जिम सिंक्लेअर यांनी 1993 मध्ये टोरांटोच्या परिषदेत पालकांना हेच सांगितलं होतं. तुम्ही जेव्हा म्हणता की माझ्या मुलाला ऑटिझम नसता तर बरं झालं असतं, तेव्हा आम्हाला ऐकू येतं ते असं, की हा मुलगा नसता आणि त्याच्या जागी दुसरा असता तर बरं झालं असतं. सिंक्लेअर स्वतः ऑटिस्टिक. 2021 मध्ये ब्रिटनमध्ये 10,000 ऑटिस्टिक लोकांचे डीएनए नमुने गोळा करायचा 'स्पेक्ट्रम 10के' हा प्रकल्प जाहीर झाला आणि महिन्याभरात थांबवावा लागला. जन्माआधीची चाचणी काढायचा आमचा हेतू नाही, असं संशोधक सांगत होते. ऑटिस्टिक लोक विचारत होते, आज तुमचा नसेल, पण उद्या ही माहिती कोणाच्या हातात जाईल?

ही भीती परदेशी वाटत असेल तर आमच्या जिल्ह्याकडं बघा. भावजयीबरोबर सोनोग्राफीला गेले होते. ट्यूबलाइट सतत घूं घूं करत होती, म्हणून मी भिंतीवरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत बसले: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं 839 मुली होत्या. शाहू महाराजांचा जिल्हा, बरं का. पुढं लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्वर', म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी उपकरणं, बसवली गेली. आधी कळायची सोय झाली की घरं काय करतात, ते आम्ही पाहिलंय. आणि कायदा लिंग सांगायला बंदी घालतो, आजार शोधायला नाही.

पण सगळे ऑटिस्टिक माझ्यासारखं बोलतात असं समजू नका. 'मला हे नको होतं, टाळता येत असेल तर टाळा' असं म्हणणारेही आहेत, आणि ते मूर्ख नाहीत. कागलला माझ्या मामाचा मुलगा आहे, बावीस वर्षांचा. बोलत नाही. फिट्स येतात, दोन-दोन रात्री झोपत नाही. मामीचा उजवा हात त्यानं चावून चावून काळा केलाय. तिच्यासमोर मी 'ही फक्त वेगळी जडणघडण आहे' असं म्हणायला गेले तर ती मला लाटण्यानं मारेल, आणि बरोबर करेल. त्याच्या फिट्स टळत असतील तर टाळाव्यात, पोटात असल्यापासून टाळाव्यात. झोपेवर, अपस्मारावर, पोटाच्या दुखण्यावर संशोधन करा, मी स्वतः नमुना द्यायला येते. माझं भांडण आहे ते फिट्स, माझा कापूस आणि माझा जन्म, हे तिन्ही एकाच गाठोड्यात बांधण्याशी. भाकरीला आमटी लागलेली त्याला चालत नाही. मलाही नाही. मामीकडं गेले की आमच्या दोघांच्याच ताटात आमटी वाटीत येते.

एक विचारायचं राहिलं. 'दुसरं असं नको' ही चर्चा घरात चालते, तेव्हा थोरला कुठं असतो? मी सात वर्षांची असताना आत्या माझ्या बहिणीबद्दल म्हणाली होती, "ही तरी बरी निघाली." तेव्हा मी जमिनीकडं बघत होते, सगळ्यांना वाटलं माझं लक्ष नाही. त्या शहाबादी फरशीवरची चीर मी आजही काढून दाखवीन. तुमचा मुलगा बोलत नसला तरी त्याच्यासमोर हे बोलू नका. आणि त्याला झोप लागते का, फिट्स येतात का, कशाचा आवाज सोसत नाही, ते खाली लिहा. त्यातलं थोडंफार मी सांगू शकेन.