पुरलेले अवशेष हलवायचे असतील तर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अब्बांचं दफन मुंबईत झालं. त्यांना रत्नागिरीला दादांच्या कबरीशेजारी न्यायचं आहे. मुलगा म्हणून माझा तो हक्क आहे ना?

मागण्याचा आहे, उकरण्याचा नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये श्रीनगरच्या हैदरपोरा चकमकीत मारल्या गेलेल्या तरुणाच्या वडिलांनी मुलाचा देह मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने 12 सप्टेंबर 2022 रोजी तो अर्ज फेटाळला. एकदा दफन झालं की देह कायद्याच्या ताब्यात जातो, तो बाहेर काढणं हा कुणाचा हक्क नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. कबरीपाशी फातिहाखानीची, म्हणजे मृतासाठी प्रार्थना करण्याची, मुभा मात्र दिली. म्हणजे ‘आम्हाला जवळ हवेत’ एवढं कारण सहसा पुरत नाही.

मुंबईत 1888 च्या महापालिका कायद्यानुसार आयुक्तांची लेखी परवानगी लागते. त्याआधी रत्नागिरीच्या कब्रस्तानाचं ‘जागा देतो’ असं पत्र मिळवा, नाहीतर अवशेष बाहेर आणि जागा नाही अशी गत होते. सबळ कारणाशिवाय कबर उघडणं बहुतेक उलेमांना (इस्लामी धर्मपंडितांना) मान्य नसतं, तेव्हा जमातीशीही आधीच बोला. अर्जासोबत मृत्यू दाखला, दफनाची नोंद, नात्याचा पुरावा आणि कब्रस्तानाच्या व्यवस्थापनाचं ना-हरकत पत्र जोडा.

प्रश्न : धाकट्या भावाचा विरोध आहे. सही मीच केली तर?

करू नका. कुणाचा शब्द वरचढ, हे ठरवणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, त्यामुळे एक हरकत आली तरी अधिकारी फाइल बाजूला ठेवतो आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं. आई हयात असेल तर तिचं प्रतिज्ञापत्र आधी घ्या.

प्रश्न : परवानगी मिळाली. प्रत्यक्ष काढताना काय सांभाळायचं?

पावसाळा टाळा. ओल्या मातीत खड्ड्याच्या कडा ढासळतात, आत उतरलेला माणूस दबतो. कमरेपेक्षा खोल गेलात की कडांना फळ्यांचा आधार द्या. वरचा थर फावड्याने काढा, पेटीचं लाकूड किंवा कापड दिसलं की हातखुरपं घ्या. बरीच वर्षं लोटली असतील तर कवटी, कंबरेचं हाड आणि मांडीची हाडं सहज सापडतात. बोटांची बारीक हाडं मातीतच राहून जातात, म्हणून तळाची माती चाळा. शेजारची कबर लागून असेल तर हाडं मिसळण्याचा धोका असतो. दफन नोंदवहीतला कबर क्रमांक खोदण्याआधीच जुळवून पाहा. नवीन दफन असेल, देह अजून कुजत असेल, तर हे काम घरच्यांनी करूच नये.

प्रश्न : बहिणीच्या मृत्यूबद्दल संशय आहे. कबर उघडून पाहू का?

मुळीच नाही, हाताने पुरावा घालवाल. पोलिसांत आणि दंडाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 नुसार मृत्यूचं कारण शोधण्यासाठी दंडाधिकारी देह बाहेर काढून तपासायला लावू शकतात. शक्य असेल तिथे आईवडील, मुलं, भावंडं आणि जोडीदार यांना चौकशीची खबर देऊन हजर राहू द्यायचं, असंही त्यात आहे. तक्रारीत स्वतःचं नाव-पत्ता आणि नातं स्पष्ट लिहा, म्हणजे ती खबर तुमच्यापर्यंत पोहोचेल.