लो सोडियम मीठ आईला चालेल का?

प्रश्न : आईला बीपीची टेल्मिसार्टन चालू आहे, क्रिएटिनिन पण थोडं वाढलंय. शेजारच्या काकूंनी लो सोडियम मीठ आणून दिलंय, वापरू का?

उत्तर : ताई, ते पाकीट आधी बाजूला ठेवा. मागचं बारीक अक्षरातलं वाचा, पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं असेल. नेहमीच्या मिठातलं थोडं सोडियम क्लोराइड काढून त्याजागी हे घालतात, चिमूटभर जिभेवर ठेवलं की शेवटी जरा कडवट लागतं ते त्याचंच. किडनी ठणठणीत असेल तर हे मीठ बीपीला खरंच चांगलं, पण जास्तीचं पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकायचं काम किडनीचं, ती थकलेली असली (क्रिएटिनिन वाढणं ही त्याचीच खूण) आणि वरून टेल्मिसार्टन, जिच्यामुळे पोटॅशियम तसंही कमी बाहेर पडतं, की मग ते रक्तात साठत जातं. रक्तातलं पोटॅशियम नॉर्मल साधारण 3.5 ते 5 (mEq/L), आणि 6.5 च्या पुढे गेलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आधी काही जाणवेलच असंही नाही, म्हणून तर मला काळजी वाटते. सैंधव वेगळं हं, ते बहुतेक सोडियम क्लोराइडच. शहाळ्यातही पोटॅशियम भरपूर, रोज देत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. साधंच मीठ कमी घाला, लोणचं-पापड बंद, आणि याच आठवड्यात सीरम पोटॅशियम, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम, तपासून घ्या.