घरी मसाला करूनही चहाला लहानपणीचा तो वास का येत नाही? आणि आलं घातलं की चहा का फाटतो?

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: कुठला जिन्नस कधी पडतो.

आधी मसाला. चार माणसांना महिनाभर पुरेल असा: हिरवी वेलची सालासकट २० ग्रॅम, सुंठ २० ग्रॅम, काळी मिरी १० ग्रॅम, दालचिनी ५ ग्रॅम, लवंग ३ ग्रॅम आणि पाव जायफळ. सुंठ बत्त्याने फोडून घ्या, नाहीतर तिचे दोरे पुडीत राहतात. मसाले भाजायचे नाहीत. दमट वाटले तर मंद आचेवर मिनिटभर गरम करून पूर्ण गार होऊ द्या. मिक्सर थांबत थांबत फिरवा, कारण भांडं तापलं की वेलचीचा वास तिथेच उडायला लागतो. दालचिनी वाढवायचा मोह आवरा. तिची पूड जास्त झाली की चहा बुळबुळीत लागतो. लवंग जास्त झाली तर जीभ बधिर होते. मसाला घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि ती गॅसजवळच्या फळीवर मुळीच ठेवू नका, तिथली ऊब आणि वाफ वास मारते.

आता दोन कप चहा. २०० मिली पाण्यात साधारण इंचभर आलं ठेचून घाला आणि तीन-चार मिनिटं खळखळ उकळा. हे टाळू नका. ताज्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं झिंजिबेन नावाचं विकर असतं, उकळल्यावर ते निकामी होतं. आलं शेवटी दुधात किसून टाकलं की चहा फाटतो तो त्याच्यामुळेच. (आलं नीट उकळूनही फाटत असेल तर दूध तपासा, किंचित आंबूस दूध उकळी सहन करत नाही. गूळ घालत असाल तर तो गॅस बंद केल्यावरच.)

मग दोन सपाट चमचे चहापूड आणि साखर. गवती चहा हवा असेल तर त्याची दोन पाती याच वेळी. मिनिटभर उकळलं की १५० मिली गरम दूध आणि पाव चमचा मसाला घाला. मिरीचा तिखटपणा पाण्यात फारसा उतरत नाही, दुधातल्या स्निग्धांशात चांगला उतरतो, म्हणून मसाला दुधाबरोबर. दोन उकळ्या आल्या की गॅस बंद. चहापूड याहून जास्त उकळली तर रंग गडद होतो खरा, पण कडवटपणा सगळ्यावर चढतो.

तुमचा हरवलेला वास मला वाटतं पुढच्या पायरीवर सापडेल. गॅस बंद केल्यावर एक वेलची तिथल्या तिथे कुटून चहात टाका, दोन मिनिटं झाकून ठेवा, मग गाळा. वेलचीचं तेल उडून जाणारं असतं. सुरुवातीपासून उकळलेल्या वेलचीने स्वयंपाकघर घमघमतं आणि कपात थोडंच उरतं.

आठवणीचं म्हणाल तर, वासाचा संदेश मेंदूत भावना आणि स्मरण सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोचतो. एखाद्या वासासरशी जुनं घर डोळ्यांसमोर उभं राहतं ते यामुळे. पण नाक फार लवकर सरावतं. पातेल्यावर वाकून चहा करणाऱ्याला तो वास पाच मिनिटांनी जाणवेनासा होतो. लहानपणी तो चहा करत दुसरं कुणीतरी होतं, तुम्ही बाहेरून आत येत होतात! म्हणून चहा झाकून ठेवल्यावर दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जा आणि मगच कप तोंडाला लावा.

तरीही काही कमी वाटलं तर मसाला बाजूला ठेवून कोऱ्या चहापासून सुरू करा आणि दर वेळी एकच जिन्नस घाला: आज नुसतं आलं, उद्या नुसती सुंठ, मग गवती चहा, मग जायफळ. आलं आणि सुंठ एकमेकांच्या जागी चालतात असं समजू नका, दोन्हींचे वास वेगळे आहेत. दूधही बदलून पाहा. घरी तेव्हा म्हशीचं दूध असेल आणि आता पातळ पिशवीचं, तर तोच मसाला जास्त बोचरा लागतो. अशा वेळी मसाला निम्मा करा आणि दूध पन्नास मिलीने वाढवा.